भुईचाफ्याला हिवाळ्यात घातलेलं पाणी

प्रिय अक्का,

तुम्ही मला पहिल्यांदा ओरडलात तो दिवस आठवतो का तुम्हाला? मागच्या पडवीत आपण दोघी मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. सालं टाकायला मी उठले आणि अंगणात पाऊल ठेवणार, एवढ्यात तुम्ही केवढ्यांदा ओरडलात, "हेमे, पाय उचल गो! डोळे हायेत का भोकरं?"

मी एका पायावर उभी. खाली बघते तर कोरड्या, भेगाळलेल्या मातीत एक फूल. पांढरट, पाकळीच्या ओठावर गडद जांभळं. ना पान, ना फांदी, ना झाड. कुणाच्या तरी केसांतून पडलं असावं असं वाटून मी ते उचलायला वाकले, तर ते जमिनीतूनच वर आलेलं! तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात. "भुईचाफा तो. उचलू नको, तितंच घर हाय त्याचं."

मला या घरात येऊन तेव्हा आठ-नऊ महिने झाले होते. ब्याण्णवच्या पावसाळ्यात हे गेले, आणि भातकापणीपर्यंत, फार तर चार महिने, अक्कांकडे राहू असं म्हणून मी नऊ वर्षांच्या निशाला घेऊन कल्याणहून आले. भावजी तर आधीच गेलेले. एका घरातल्या दोन जावा, दोघी एकट्या. चार महिन्यांची सोळा वर्षं कधी झाली, अक्का?

तुम्हाला वाचता येत नव्हतं. निशाची पत्रं मी वाचून दाखवायचे आणि तुम्ही म्हणायचात, "पुन्हा वाच, मदलं तू गाळलंस." आता हे पत्र कोण वाचून दाखवणार तुम्हाला? तरी लिहायला बसले आहे, कारण एक गोष्ट तुम्हाला माझ्याच तोंडून कळायला हवी. अंगणातला तो चाफा तुम्ही पुढे पत्र्याच्या डब्यांत हलवलात; काल संध्याकाळी मी त्यातले सहा डबे उपडे केले. सहाही डब्यांत कंद कुजलेले निघाले. हात घातला तर बोटांना लापशी लागावी तसं लागलं. आणि तो वास! मी तिथेच मातीत बसले.

तुमचा चाफा मी मारला, अक्का. दुर्लक्ष करून नाही. रोज पाणी घालून.

भाद्रपदातला तो आठवडा मी शंभरदा आठवला आहे. तुम्ही खाटेवरून उठत नव्हतात. निशाचा पुण्याहून फोन आला, "आई, आता तू माझ्याकडे ये बघू, कायमची." मी दबक्या आवाजात बोलत होते, पण तुमचे कान! फोन ठेवला तशी तुम्ही म्हणालात, "जाशील गो. कोन अडवतंय तुला? पन चाफा फुलू दे. मंग जा." आणि माझा हात धरलात. मी "हो" म्हटलं. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

म्हणजे माझी सुटका कुणाच्या हातात होती? एका फुलाच्या!

कार्तिकात निशाचा पुन्हा फोन आला. तिला दिवस गेले होते. "ज्येष्ठात तारीख आहे, आई. तोपर्यंत तरी येशील ना?" मी हिशेब केला. चाफा चैत्र-वैशाखात फुलतो. फूल बघायचं, तुम्हाला हात जोडायचे आणि निघायचं. ज्येष्ठाला वेळच वेळ होता. म्हणून मी त्या डब्यांची जेवढी निगा राखली तेवढी कधी स्वतःचीही राखली नाही. सकाळी उठले की आधी सात तांबे पाणी, मग चहा.

तुम्ही मला कल्याणच्या नन्सच्या शाळेवरून चिडवायचात. "आमची कानवेंटवाली," असं म्हणून शेजारच्या भागीला डोळा मारायचात. त्या शाळेत प्रत्येक मुलीला एक कुंडी असायची, अक्का. रोज सकाळी प्रार्थनेआधी पाणी घालायचं. चुकलं तर वहीत लाल फुली. सिस्टर म्हणायच्या, प्रेम म्हणजे रोज न चुकता केलेलं काम. मला एकही लाल फुली मिळाली नव्हती. त्याचा मला किती अभिमान होता!

कार्तिकात डब्यांतली पानं पिवळी पडायला लागली. ती सुंदर पानं, वरून हिरवी-पांढरट नक्षीची आणि मागून वांग्यासारखी जांभळी. मला वाटलं, तुमच्यामागे झुरतायत. मी पाणी वाढवलं. मार्गशीर्षात पानं गळून पडली, नुसती माती उरली. मी त्या मातीला पाणी घालत राहिले. पौषात थंडीनं हात आखडायचे, तरी घालत राहिले.

पण अक्का, तुम्ही सांगायला नको होतं का? इतक्या वर्षांत एकदा तरी?

तुम्ही सांगितलं नाहीत, कारण तुमच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. तुळशीच्या लग्नाच्या सकाळी तुम्ही अंगण सारवायला घ्यायचात आणि मला म्हणायचात, "हे डबे आत ने गो, आता झोपू दे त्यांना." मी ते गोठ्यात नेऊन पेंढ्याखाली आडवे करायचे. मला वाटायचं, उसाच्या मांडवाला जागा हवी म्हणून. वाडीतली सगळी पोरं चुरमुऱ्यांसाठी यायची, निशा घसा फोडून मंगलाष्टकं म्हणायची, त्या गर्दीत डबे लाथाडले जाऊ नयेत म्हणून. एवढंच मला कळलं होतं.

आणि यंदा लग्न लागलंच नाही. वर्षाच्या आत घरात सण कसा करायचा? तुमचा दुखवटा. ना अंगण सारवलं, ना मांडव, ना ऊस. त्यामुळे डबे उचलायचं कारणच आलं नाही. तुमच्या दुखवट्यानं तुमचाच चाफा बुडवला! याला काय म्हणावं?

भागी असती तर तिनं अडवलं असतं. पण शेजारचं ते घर दिवाळीनंतर बंदच. नवरा-बायको दरवर्षीसारखी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली होती. परवा परतली. आल्या आल्या माझ्याकडे चहाला आली, मागच्या दारात टेकली आणि म्हणाली, "फुलं कुटं हायेत गो वयनी? औंदा डबं बोडके कसे?"

मी म्हटलं, "काय माहीत. पाणी तर एक दिवस चुकवलं नाही."

"कंदी पास्नं?"

"कधीपासून म्हणजे? रोज. अक्का गेल्यापासून."

तिनं बशी खाली ठेवली. "हिवाळ्यात पन?"

"हो."

"अगं माजे बाय! झोपलेल्या मानसाच्या तोंडात कोन तांब्या वतंल का? तुळशीचं लगीन लागलं का पानी बंद. आमच्या बारक्या पोरांना पन म्हाईत हाय. तुमी एवडं विंग्रजी शिकलाव!"

"लग्न लागलं कुठे यंदा?" मी म्हटलं. मग तिनं बशी उचलून उरलेला चहा प्यायला आणि हळूच म्हणाली, "हां. त्ये पन खरंच."

त्या संध्याकाळी मी डब्यांना हात लावला नाही. माझं धाडस झालं नाही. काल लावला.

आता एक विचारते. रागावू नका. सरोजला तुम्ही कंद का दिला नाहीत?

सरोज, आपली अंगणवाडीची बाई, खालच्या बौद्धवाडीतली. किती वेळा मागितला तिनं? तुमचा नियम होता की चाफा देणाऱ्यानं उकरायचा नाही, नेणाऱ्यानं स्वतः येऊन, आपल्या हातानं उकरून न्यायचा, तरच धरतो. भागीनं असाच नेला होता, तो तिच्या कोंबड्यांनी खाल्ला ही गोष्ट वेगळी. पण सरोजनं मागितला की तुम्ही म्हणायचात, "कंद ल्हान हाय अजून. फुडल्या वर्षी." कारण उकरायचं म्हटलं की तिला मागच्या अंगणात घ्यावं लागलं असतं, स्वयंपाकघराच्या दारावरून.

ती एकदा हसत हसत मला म्हणाली होती, "अक्कांचा कंद नऊ वर्सं ल्हानच हाय, बाई. माझा पोरगा कालेजात गेला."

मी पण हसले. मला सगळं कळत होतं आणि मी हसले. नन्सच्या शाळेत आम्ही रोज म्हणायचो, सगळी देवाची लेकरं. आणि या घरात सोळा वर्षं मी तुमच्या पाठीमागे उभी राहून ओटीवरूनच तिला चहा देत राहिले. तुमच्यावर खापर फोडणं सोपं आहे, अक्का. कप माझ्या हातात होता.

तुम्ही गेलात तेव्हा ती दुसऱ्या दिवशी आली. ओटीच्या कडेला बसली, रडली आणि गेली. आत आली नाही. मी आत ये म्हटलं नाही. त्या दिवशी ती मागच्या अंगणापर्यंत आली असती तर तिनं डबे जवळून बघितले असते. तिची आई डोळखांबकडची. त्यांच्याकडे जंगलात चाफा फुलतो, तिनं तो लहानपणापासून बघितलेला. तिनं एका वाक्यात सांगितलं असतं, पानं पिवळी पडली की पाणी बंद करा. एक वाक्य!

कोंडून घालायला भिंती लागतात असं मला पूर्वी वाटायचं. आपल्या अंगणाला तर कुंपणसुद्धा धड नाही. पुढे रस्ता, सरळगावहून किन्हवलीला जाणारा, त्याच्या पलीकडे भातखाचरं, त्याच्या पलीकडे डोंगर. कुठेही जाता येईल असं मोकळं. आणि या मोकळ्यात मला श्वास घेता यायचा नाही, तुम्हाला कळलं होतं का कधी?

शहापूरची नोकरी आठवते? निशा सातवीत होती. शहापूरला नवीन इंग्रजी शाळा निघाली होती. त्यांना बाई हवी होती आणि मला बोलावणं आलं होतं. शाळेजवळ एक खोली मिळणार होती. मी घाबरत घाबरत तुम्हाला सांगितलं. तुम्ही नको म्हणाला असतात तर मी भांडले असते. तुम्ही काय म्हणालात? "जा गो. माजं काय? दिवा लावीन आनि पडून राहीन." आणि पहाटे उठून तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं बांधून दिलंत. माझ्या आवडीचं. वर गूळही.

मी फाट्यावर गेले. एसटी आली. कंडक्टर म्हणाला, "चढा बाई, टाइम नाय." मांडीवर तो डबा होता, अजून गरम. मी चढले नाही. एसटी निघून गेली आणि मी तिथेच बसून तुमची भाकरी खाल्ली. मग घरी आले.

तुम्ही चुलीपुढे होतात. का आलीस, असं एका शब्दानं विचारलं नाहीत. मी झाकण उचलून बघितलं. निशा डबा घेऊन शाळेत गेलेली, तरी तुम्ही दोघींचा भात टाकलेला होता.

त्या भातावर मी किती वर्षं रागावले! तुम्हाला खात्रीच होती माझी. मला नव्हती, तुम्हाला होती. तुम्ही मला कधी अडवलं नाहीत आणि मी कधी निघाले नाही. मग मी ओटीवर वाडीतल्या मुलांना इंग्रजी शिकवायला लागले. तुम्ही चटया घालून द्यायचात आणि भागीला अभिमानानं सांगायचात, "आमच्या घरात साळा हाय." तेव्हा मला तुमचा इतका राग यायचा आणि त्याच वेळी वाटायचं, या बाईला सोडून मी कुठे जाणार?

माया इतकी असावी का, अक्का? रोज, न चुकता, काठोकाठ?

माझ्या तापात तुम्ही रात्रंदिवस जागलात. निशाच्या बारावीच्या फॉर्मसाठी मुरबाडला दोन हेलपाटे घातलेत, पायात चप्पल नसताना. तिच्या लग्नात तुम्ही माझ्यापेक्षा जास्त रडलात. यातलं काय खोटं होतं? काहीच नाही. म्हणूनच तर तक्रार कुणाकडे करायची ते कळत नव्हतं.

आणि आता सगळ्यात अवघड ते लिहिते.

चुकीला कारण तुळशीचं लग्न, असं मी वर लिहिलं. ते खरं आहे. पण काल मातीत बसले असताना मनात आलं की मला खरंच माहीत नव्हतं का? पंधरा हिवाळे मी ते डबे गोठ्यात कोरडे पडलेले बघितले होते. पेंढा काढायला गेले की पायाला लागायचे. ठणठणीत कोरडे. चैत्रात तुम्ही ते बाहेर काढायचात आणि कोरड्या मातीतूनच फूल यायचं. पंधरा वेळा बघितलं, अक्का. मी आंधळी नव्हते.

फूल आलं असतं तर मला जावं लागलं असतं. निशाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जावयाच्या घरात, जिथे माझी म्हणून एक खुर्चीही नाही. तुमच्या हातावर हात ठेवून मी हो म्हटलं तेव्हा मला वाटलं, तुम्ही मला बांधून ठेवलंत. पण रोज सकाळी त्या बांधाला पाणी कोण घालत होतं? ही गाठ मी एकटीनं सोडवू शकत नाही. तुमची चूक किती, माझी भीती किती, आणि साधं अडाणीपण किती, हे मला वेगळं काढता येत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "जास्त शिकल्याचं हे आसं व्हतं."

आज सकाळी मी सरोजकडे गेले. अंगणवाडीत पोरं खिचडी खात होती. मी पदरात एक कुजका कंद नेला होता. तिनं तो बघितला, नखानं दाबला, वास घेतला आणि म्हणाली, "ह्यो गेला. बाकीचं?"

"सहा डबे असेच."

"अक्कांचे तर सात होते."

हे तिला माहीत होतं! ओटीच्या कडेवरून, पुढच्या-मागच्या दारांतून आरपार बघत, नऊ वर्षं कंद मागताना, तिनं डबे मोजले होते.

सातवा म्हणजे डबा नाहीच, ती गंजकी बादली. तिला मी हात लावायला धजले नव्हते. म्हटलं, तू येतेस का? ती आली. पुढच्या दाराशी थांबली. चप्पल काढली आणि तिथेच उभी. "हितनंच सांगते, बाई. तुमी उकरा."

"नाही," मी म्हटलं. "तू आत ये. हात तू घाल."

तिनं माझ्याकडे बघितलं. आपल्याला वाटतं तेवढी माणसं विसरत नाहीत, अक्का. मग ती पडवीतून, चुलीवरून, पाण्याच्या हंड्यांवरून सरळ मागे आली. बादलीपाशी उकिडवी बसली आणि दोन्ही हात मातीत घातले.

बादलीचा तळ गंजून पार गेलेला निघाला. माझं सगळं पाणी खालून वाहून जात होतं. वर ओल, आत कोरडं. ती हळूहळू माती सोडवत गेली आणि एक गड्डा वर काढला. अंगठ्याएवढे गोल गोल मणी मुळांना लोंबकळणारे, आणि वरच्या बाजूला गुलाबी डोळे. जिवंत! मी तिचा खांदा धरला. ती म्हणाली, "फूल औंदा नाय धरनार. जीव राह्यलाय तेवडं बघा. फुडल्या वर्षाला."

पुढच्या वर्षाला.

हे ऐकून मला काय वाटलं असेल, सांगा? आधी आनंद. आणि लगेच बोटांवर हिशेब. म्हणजे अजून एक वर्ष? चाफा फुलू दे, मग जा, असं तुम्ही म्हणाला होतात. मी इथे अजून एक वर्ष बसायचं, निशाचं बाळ रांगायला लागेपर्यंत?

भागी म्हणते, वर्षश्राद्धापर्यंत घराला कुलूप लावू नये, घरात दिवा पाहिजे. निशाचा काल फोन आला. तिनं नुसतं विचारलं, "आई, फूल आलं का गं?" मी "नाही" म्हटलं. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"मध्ये तिनं दोघींचा भात टाकला नव्हता. एकटीचाच टाकला होता. तिलाही माझी खात्री झाली आहे, अक्का, की मी येत नाही.

म्हणून तुमचा शब्द मोडते. फुलाची वाट न बघता जाते. तुमची परवानगी मागत नाही, फक्त सांगते. मुक्त वगैरे काही वाटत नाही मला. पुण्याला एक जिना आहे, एक दार आहे, दाराला साखळी आहे. तिथे मी किती मोकळी असेन कुणास ठाऊक. पण गुरुवारी सकाळच्या एसटीत मी चढणार आहे. सोबत कुणाच्या हातचा गरम डबा नसेल.

तुम्हाला एक वचन देते. निशा थांब म्हणाली तर थांबेन, जा म्हणाली तर निघेन. पण तिच्या घराचा उंबरठा होऊन मी बसणार नाही. तिला कुठे जायचं झालं तर माझ्यावरून ओलांडून जावं लागणार नाही. आणि तुमच्या वर्षश्राद्धाला मी येईन, दोन दिवसांसाठी. दोनच.

आता कुणाला काय ते लिहून ठेवते. निशालाही हेच दाखवीन, म्हणजे मी गेल्यावर वाद नको.

गड्ड्याचे पाच तुकडे झाले. सरोजनंच केले, प्रत्येक तुकड्याला एक डोळा आणि दोन-तीन मणी राहतील असे. चिरलेल्या जागी चुलीतली राख लावून सावलीत सुकत ठेवले आहेत.

दोन तुकडे सरोजचे. तिला लावायचं कसं हे सांगणारी मी कोण! तिनं ते अंगणवाडीच्या मागे, आंब्याच्या सावलीत लावायचं ठरवलं आहे.

एक भागीला. डोळा वर करून, दोन बोटं खोल, आणि वरून काटेरी फांदी, कोंबड्यांसाठी. माती भुसभुशीत पाहिजे; जंगलातला पालापाचोळा, थोडी नदीची वाळू, जुनं शेणखत. खाचरातली चिकणमाती अजिबात नको.

एक निशाच्या गॅलरीत. ती म्हणते, "आई, झाडं नको, पाणी घालायला मला वेळ कुठे?" तिला सांगीन, याला अर्धं वर्ष पाणी घालायचंच नसतं. पहिल्या कोंबापासून पानं पिवळी पडेपर्यंत घाल, कडक ऊन लागू देऊ नकोस, आणि मग विसरून जा. कुंडी रिकामी दिसली तरी फेकू नकोस. घाबरून पाणीही घालू नकोस.

पाचवा इथेच, गोठ्याच्या भिंतीलगत, पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी. तो कुणाचाच नाही.

तुमची दोन नवी लुगडी भागीला, तुम्ही तसं म्हणाला होतात. जुनी मऊ चार निशाच्या बाळाच्या दुपट्यांना. पाटा-वरवंटा जागचा हलवायचा नाही. निशाच्या शाळेच्या वह्या आणि माझी इंग्रजी पुस्तकं अंगणवाडीच्या कपाटात. चटयाही तिथेच, पोरं त्यावर बसतील.

घराची किल्ली आपल्याकडे राहणार असं भागीला वाटतं. ती रुसेल. रुसू दे, मी समजूत काढीन. दिवा लावायला, पाचव्या तुकड्याकडे लक्ष ठेवायला आणि वेळ आली की पाणी बंद करायला या घरात रोज येणारी बाई मी ठरवली आहे. ओटीवरून नाही, आतून, मागच्या अंगणापर्यंत.

किल्ली सरोजकडे, अक्का.

तुमची,
हेमा